आमीन मोठ्याने की मनात?

वाचक बंधुभगिनींनो, आणि विशेषतः ज्यांची मुले यंदा प्रथमच घर सोडून वसतिगृहात राहावयास आली आहेत अशा पालकहो,

इतिहासाच्या शिक्षकाकडे स्मरणिकेसाठी लेख मागितला की तो बगदादच्या बैतुल हिकमतवर तरी लिहितो, नाहीतर कुर्तब्याच्या ग्रंथालयांवर. मीही पूर्वी तसे लेख लिहिले आहेत. आपण ते वाचून "आपले पूर्वज केवढे थोर होते" असे म्हणून पान उलटले असेल. या खेपेस मात्र मी एका अगदी लहान गोष्टीवर लिहिणार आहे. नमाजात इमामाने सूरे फातिहा संपविली की मागच्यांनी 'आमीन' हा शब्द मोठ्याने म्हणावा की मनात, एवढीच ती गोष्ट. ही बाब मौलवीसाहेबांची आहे, इतिहासाच्या मास्तराने त्यात का पडावे, असे आपण विचाराल. फतवा देण्याचा मला अधिकार नाही आणि तो मी देणारही नाही. पण या एका शब्दावरून माणसे हायकोर्टापर्यंत गेली आहेत, अशाच मतभेदांवरून शहरे ओस पडली आहेत, आणि एक मुलगा शाळेला मुकला आहे. यातील शेवटची घटना माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

१९७१ सालच्या जूनमध्ये मी घाटावरच्या एका शहरातील वसतिगृहात आठवीसाठी दाखल झालो. त्याच आठवड्यात कोकणातील खाडीकाठच्या एका खेड्यातून आणखी एक मुलगा आला. पत्र्याची ट्रंक, घोंगडी, आणि आईने फडक्यात बांधून दिलेले सोडे. पहिल्याच मगरिबला त्याने रुकूत जाताना दोन्ही हात कानांपर्यंत उचलले, आणि त्यापूर्वी फातिहा संपताच खणखणीत आवाजात 'आमीन' म्हटले. सगळी सफ मनात म्हणत असताना एकट्याचा आवाज निघाला. मागच्या रांगेतून खुसखुस झाली. नमाजानंतर मुलांनी त्याला घेरले. "तू कोणत्या फिरक्याचा रे?" त्याला फिरका हा शब्दच ठाऊक नव्हता. तो म्हणाला, "आमच्याकडे असेच पढतात." जेवणाच्या वेळी त्याच्या सोड्यांवरूनही वाद निघाला. कोळंबी खाणे मकरूह आहे असे एकाने घरी ऐकले होते.

आमचे गृहपती प्रामाणिक आणि कष्टाळू होते. त्यांच्याविषयी आजही माझ्या मनात आदर आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर सांगितले, "एका वसतिगृहात एकच रीत चालेल. कवायतीत कुणी डावा पाय आधी टाकतो, कुणी उजवा, असे चालते काय?" मुलाने मान खाली घातली. पुढे तो नमाजाला शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात उभा राहू लागला, मग अधूनमधून चुकवू लागला, मग त्यासाठी शिक्षा होऊ लागली. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेला तो परत आलाच नाही. गणितात तो आम्हा सर्वांच्या पुढे होता.

माझा अपराध यात आहे, तोही सांगून टाकतो. त्या वसतिगृहात तो मुलगा काय करीत होता हे नीट ठाऊक असलेला विद्यार्थी मी एकटाच होतो. माझे वडील सातारा जिल्ह्यातले, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. बदलीमुळे आम्ही काही वर्षे कोकणात काढली. तिथल्या मशिदीत फजरच्या दुसऱ्या रकातीत इमाम हात उचलून दुआए कुनूत पढत आणि सारी जमात मोठ्याने आमीन म्हणे. आमच्या घराण्याची रीत तशी नव्हती. वडील त्या वेळी दोन्ही हात खाली सोडून, मुकाट्याने, इमामाची दुआ संपेपर्यंत उभे राहत आणि मग सर्वांबरोबर सजद्यात जात. एकदा मी त्यांना विचारले, "बाबा, आपण त्यांच्यासारखे का करीत नाही?" ते म्हणाले, "आपण हनफी, ते शाफई. ते त्यांच्या उस्तादाचे ऐकतात, आपण आपल्या." मी पुन्हा विचारले, "मग आपण घरीच का पढत नाही?" त्यावर ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. हे सारे मला ठाऊक होते, आणि तरी त्या मगरिबला मी तोंड उघडले नाही.

आता इतिहासाकडे वळू.

प्रथम हा भेद आपल्याकडे आला कसा? नकाशावर सह्याद्रीची रांग पाहा. तिच्या पूर्वेला, देशावर आणि दख्खनमध्ये, इस्लाम मुख्यतः खुष्कीच्या वाटेने आला. मध्य आशिया, मग दिल्ली, मग दौलताबाद. त्या वाटेवरची राज्ये, काजी आणि मदरसे हनफी होते. पश्चिमेला, म्हणजे कोकण, कानडा आणि मलबारच्या किनाऱ्यावर, तो गलबतांतून आला. येमेन आणि हदरमौतच्या अरब व्यापाऱ्यांकडे शाफई पद्धत होती. तीच पुढे समुद्रमार्गे मलाया आणि इंडोनेशियापर्यंत गेली. म्हणजे वसतिगृहातील त्या मुलाच्या हात उचलण्यामागे अरबी समुद्राचे वारे होते आणि आमच्या न उचलण्यामागे घाटवाटा. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१), ज्यांचा उरूस मुंबईत आजही भरतो आणि ज्यांनी अरबीत कुराणाची तफसीर लिहिली, ते याच कोकण किनाऱ्याचे सुपुत्र होत.

पण ही झाली भूगोलाची बाब. मूळ प्रश्न असा की एकाच पैगंबराच्या (स.) उम्मतीत दोन, तीन, चार पद्धती राहूच का दिल्या? कुणीतरी खलिफाने एकदा हुकूम काढून सर्वांना एकसारखे का केले नाही? मंडळी, तसा प्रयत्न झाला होता.

इसवी सन ७५० मध्ये अब्बासी घराणे सत्तेवर आले. राज्य अफाट होते. इब्नुल मुकफ्फा नावाचा एक इराणी चिटणीस होता, 'कलीला व दिम्ना' अरबीत आणणारा, अतिशय बुद्धिमान मनुष्य. त्याने खलिफा अल-मन्सूरसाठी एक निवेदन लिहिले. त्यात त्याची तक्रार अशी होती की जो व्यवहार हीरा गावात वैध ठरतो तोच शेजारच्या कूफ्यात अवैध ठरतो, आणि खुद्द कूफ्याच्या एका मोहल्ल्याचा न्याय दुसऱ्या मोहल्ल्यात चालत नाही. खलिफाने सर्व निवाडे मागवून घ्यावेत, योग्य ते निवडावेत आणि एकच संहिता साऱ्या मुलखात लागू करावी, असे त्याने सुचविले. सूचना वेडगळ मुळीच नव्हती. आपल्यापैकी कुणी त्या जागी असता तर बहुधा हेच सुचविले असते. कारभार चालविणाऱ्याला विविधता म्हणजे गोंधळ वाटतो, आणि पुष्कळदा तो असतोही.

या विचाराला पुढे वळण लागले ते मदिन्यात. तेथे इमाम मालिक बिन अनस (र.) (७११–७९५) मस्जिदे नबवीत बसून हदीस शिकवीत. त्यांचा 'मुवत्ता' हा ग्रंथ विख्यात होता. जुन्या चरित्रकारांनी हकिकत दिली आहे की खलिफा मन्सूरने त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला: तुमच्या ग्रंथाच्या प्रती करवून एकेक प्रत प्रत्येक शहरी पाठवितो आणि सर्वांनी याच ग्रंथाप्रमाणे चालावे असा हुकूम काढतो. काही ग्रंथांत हीच गोष्ट हारून अल-रशीदच्या नावावर सांगितली आहे.

क्षणभर थांबा आणि या प्रसंगाचा विचार करा. एका अभ्यासकापुढे साम्राज्याचा धनी उभा आहे आणि म्हणतो आहे की तुझे मत हाच जगाचा कायदा करतो. शिवाय इमाम मालिक यांना राजसत्तेचा हात कसा असतो हे अनुभवाने माहीत होते. जबरदस्तीने घेतलेली शपथ बंधनकारक नाही असे मत त्यांनी दिले होते. ते सत्तेला अडचणीचे ठरले आणि याच मन्सूरच्या कारकिर्दीत मदिन्याच्या सुभेदाराने त्यांना फटके मारविले. आता तीच सत्ता त्यांच्या बाजूने वळत होती. ज्याने मार खाल्ला आहे त्याला, उद्या आपल्या मताच्या विरोधकांना मार बसेल, ही कल्पना गोडही वाटू शकते.

इमाम मालिक यांनी नकार दिला. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा: पैगंबरांचे (स.) सहाबा निरनिराळ्या मुलखांत गेले. प्रत्येकाने आपण जे पाहिले-ऐकले ते तेथील लोकांना सांगितले. लोकांनी ते श्रद्धेने धरून ठेवले आहे. आता त्यांना त्यापासून ओढून काढणे कठीण आहे. तेव्हा प्रत्येक गावच्या लोकांनी आपल्यासाठी जे पत्करले आहे त्यावर त्यांना राहू द्यावे.

इमाम मालिक यांना सर्वच मते सारखीच बरोबर वाटत होती असे मात्र समजू नका. ते आपल्या मताचे पक्के होते. मदिन्याची रीत हीच सर्वांत खात्रीची, असे त्यांचे ठाम प्रतिपादन होते. मिसरमधील त्यांचे मित्र लैस बिन साद हे तिकडे मदिन्याच्या रीतीहून वेगळे फतवे देतात असे कळले तेव्हा त्यांनी लैस यांना पत्र लिहून नापसंती कळविली. लैस यांनी दिलेले उत्तर आज उपलब्ध आहे. मुद्देसूद आणि तितकेच अदबशीर असे ते पत्र आमच्या शिक्षक मंडळींनी तरी अवश्य वाचावे. त्यातील एक मुद्दा कोकणवासीयांना आवडेल. पावसाच्या रात्री मगरिब आणि इशा या दोन नमाजा एकत्र पढण्याची मदिन्यात रीत होती. लैस म्हणतात, शाममध्ये मदिन्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो आणि तेथेही थोर सहाबा होते, पण त्यांपैकी कुणी पावसात नमाजा एकत्र केल्या नाहीत. (रत्नागिरीचा आषाढ या दोघांपैकी कुणीच पाहिला नव्हता!) पत्रव्यवहाराने कुणाचे मत बदलले नाही. मैत्री मात्र टिकली. लैस हे श्रीमंत होते आणि त्यांनी इमाम मालिक यांना अडचणीत दीनार पाठविल्याच्या हकिकतीही चरित्रकार देतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक साखळी लक्षात ठेवा. परीक्षेत विचारणार नाहीत, तरी ठेवा. कूफ्याचे रेशमी कापडाचे व्यापारी इमाम अबू हनीफा (र.) (६९९–७६७) यांचे शिष्य इमाम मुहम्मद अश्-शैबानी मदिन्याला जाऊन इमाम मालिक यांच्यापाशी सुमारे तीन वर्षे शिकले. त्यांनी गुरूचा मुवत्ता लिहून घेतला, पण तो उतरविताना जेथे आपले आणि इमाम अबू हनीफांचे मत वेगळे आहे तेथे तसे नोंदविले. हीच प्रत आपल्या देशातील हनफी मदरशांत आजही शिकविली जाते. इमाम शाफई (र.) (७६७–८२०) कोवळ्या वयात मदिन्यात इमाम मालिक यांच्याकडे मुवत्ता शिकले आणि पुढे इराकात याच इमाम मुहम्मद यांच्याकडे. इमाम अहमद बिन हंबल (र.) (७८०–८५५) हे इमाम शाफईंकडे शिकले. चार पद्धतींची नावे ज्यांच्यावरून पडली ती माणसे अशी एकमेकांच्या पायाशी बसलेली आहेत. शिष्याने गुरूचे सर्व ऐकून घ्यावे आणि शेवटी "मला मात्र असे वाटते" म्हणावे, आणि गुरूने त्याला हाकलून देऊ नये, या रिवाजातून हे भेद निर्माण झाले. भांडणातून झाले नाहीत.

फजरच्या कुनूतविषयीच एक आख्यायिका सांगतात. इमाम शाफई बगदादेत इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फजर पढले आणि त्यांनी आपल्या पद्धतीची कुनूत त्या दिवशी वगळली. कारण विचारता, या कबरीत झोपलेल्याचा अदब, असे त्यांनी सांगितले. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण शतकानुशतके शाफई आणि हनफी अशा दोन्ही घरांत ती आवडीने सांगितली गेली, हीदेखील इतिहासाचीच नोंद आहे.

याच्या उलट चित्र बगदादमध्येच दिसले, आणि तेही कुणा अडाणी सुलतानाच्या हातून नव्हे. खलिफा अल-मामून म्हणजे विद्येचा केवढा आश्रयदाता! ग्रीक ग्रंथांची भाषांतरे त्याच्या काळात भरभराटीस आली. आम्ही ज्या बैतुल हिकमतवर लेख लिहितो तिचे वैभव त्याचेच. या सुशिक्षित, तर्कनिष्ठ मनुष्याने ८३३ साली ठरविले की कुराण 'निर्मित' आहे हे मत प्रत्येक काजीने आणि आलिमाने कबूल केलेच पाहिजे. बगदादच्या सुभेदाराला पत्रे गेली, एकेकाला बोलावून कबुली घेतली गेली. बहुतेकांनी दिली. इमाम अहमद बिन हंबल आणि तरुण मुहम्मद बिन नूह यांनी दिली नाही. दोघांना बेड्या घालून खलिफाकडे रवाना केले. वाटेतच मामूनच्या मृत्यूची बातमी आली. परतताना मुहम्मद बिन नूह वारले. पुढे अल-मुअतसिमच्या काळी इमाम अहमद यांना फटके मारण्यात आले. इमाम शाफईंचे शिष्य अल-बुवैती ८४६ साली बगदादच्या तुरुंगात मरण पावले. खलिफा अल-मुतवक्किलने हा प्रकार थांबविला तोवर सुमारे पंधरा वर्षे उलटली होती. 'मिहना' म्हणजे परीक्षा, हे त्याचे नाव इतिहासात राहिले. मामूनचा ज्या मताविषयी आग्रह होता ते मत त्यानंतर कायमचे मागे पडले.

जेथे राजाने सक्ती केली नाही तेथे लोकांनी एकमेकांवर केली. तेहरानजवळ रय नावाचे मोठे शहर होते. भूगोलकार याकूत १२२० साली तेथून गेला तेव्हा त्याला भग्न मोहल्ले दिसले. तातारांनी केले असेल असे आपल्याला वाटेल. पण विचारता त्याला वेगळेच कळले: शहरात शिया, हनफी आणि शाफई अशा तीन वस्त्या होत्या. आधी दोघांनी मिळून शियांना संपविले, मग हनफी आणि शाफई एकमेकांवर उठले. जे उरले त्यांनी हल्ल्याच्या भीतीने जमिनीखाली, अंधाऱ्या बोळांच्या आड घरे बांधली होती. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी इस्फहान पडले. त्या काळचा लेखक इब्न अबिल हदीद लिहितो की हनफी-शाफई वैरामुळे एका पक्षाने मोंगलांना वेशीचे दार उघडून दिले. दुसऱ्या पक्षाला मारावे, एवढीच अट होती. मोंगल आत आले आणि त्यांनी दोघांनाही सोडले नाही.

यावर तोड म्हणून काही ठिकाणी निराळी व्यवस्था झाली. कैरोत सुलतान बैबर्सने १२६५ साली चारही पद्धतींचे चार मुख्य काजी नेमले. मक्केत काबागृहाभोवती चार इमामांच्या चार जागा होत्या. इब्न जुबैर हा अंदलुसी प्रवासी ११८३ साली तेथे होता. तो सांगतो की इतर नमाजा एकामागून एक होत, पण मगरिबची वेळ तोकडी असल्यामुळे सर्व इमाम एकाच वेळी उभे राहत. चहूकडून तकबीर ऐकू येई, आणि कुणी आपला इमाम समजून दुसऱ्याच्याच तकबीरवर रुकूत जाई. हिजाजमध्ये सौदी राजवट आल्यावर, १९२५ च्या सुमारास, ही पद्धत बंद होऊन एकच इमाम राहिला. मला स्वतःला या चार जागांविषयी दोन्ही बाजूंनी वाटते. कुणावर सक्ती नव्हती हे चांगलेच. पण माझे वडील दुसऱ्याच्या इमामामागे मुकाट उभे राहत, ते मला चार वेगळ्या चटयांपेक्षा अधिक अवघड आणि अधिक मोलाचे वाटते.

आता थोडा विसावा म्हणून इब्न बतूताची एक गंमत. तो मोरोक्कोचा, म्हणजे मालिकी पद्धतीचा. मालिकी लोक नमाजात हात न बांधता सरळ खाली सोडतात. फिरत फिरत तो काळ्या समुद्राच्या काठी सिनोप शहरी पोहोचला. तेथील लोक हनफी होते. त्यांनी मालिकी मनुष्य कधी पाहिलाच नव्हता. पण हात सोडून नमाज पढणारे शिया मात्र कुणीतरी इराकात पाहिले होते. झाले! हा शिया असणार, असा संशय पसरला. इब्न बतूताने परोपरीने समजावले, कुणाला पटेना. तेव्हा तेथील अधिकाऱ्याने एक ससा भेट म्हणून पाठविला आणि नोकराला तेथेच थांबून पाहावयास सांगितले, कारण शिया ससा खात नाहीत. इब्न बतूताने ससा कापविला, शिजविला आणि खाल्ला. नोकराने जाऊन खबर दिली आणि संशय फिटला. वसतिगृहातील सोडे मला आठवतात ते यामुळे. माणसाचे म्हणणे ऐकण्यापेक्षा त्याच्या ताटात डोकावणे सोपे असते.

हाच इब्न बतूता पुढे दिल्लीस आला. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काजी नेमले तेव्हा त्याने अडचण सांगितली की मी मालिकी, येथील लोक हनफी, आणि मला भाषाही येत नाही. सुलतानाने मदतीला दोन नायब दिले आणि काम चालू ठेवले. नंतर तो पश्चिम किनाऱ्याने होन्नावरला आला. हे गाव गोव्याच्या खाली, उत्तर कानड्यात. तेथील मुसलमान शाफई होते. त्या गावात मुलींसाठी तेरा आणि मुलांसाठी तेवीस शाळा त्याने मोजल्या, आणि बायकांना कुराण मुखोद्गत होते. असे इतरत्र पाहिले नाही, अशी नोंद तो करतो. चौदाव्या शतकातील एका लहान बंदरात मुलींच्या तेरा शाळा! एका परक्या पद्धतीच्या पाहुण्याने ही नोंद केली म्हणून ती आपल्याला ठाऊक झाली. मुलीला सातवीनंतर घरी बसविण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आपल्या देशात या विषयावर सर्वांत समंजस लिहिले ते दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी. ते हनफी वातावरणात वाढले, हजला गेले असता हिजाजमध्ये एका शाफई गुरूकडे हदीस शिकले, आणि परतल्यावर मतभेदांची कारणे उलगडणारा 'अल-इन्साफ' हा छोटा ग्रंथ त्यांनी अरबीत लिहिला. मोठमोठे इमाम एकमेकांच्या मागे निःशंकपणे नमाज कसे पढत, याचे दाखले त्यांनी त्यात गोळा केले आहेत.

इतके असूनही एकोणिसाव्या शतकात आमीनचा वाद इंग्रजांच्या कोर्टात गेलाच. मशिदीत मोठ्याने आमीन म्हणून इतरांच्या उपासनेत व्यत्यय आणला, अशा आरोपावरून काही जणांना पिनल कोडाखाली शिक्षा झाली आणि १८८५ साली प्रकरण अलाहाबाद हायकोर्टापुढे आले. न्यायासनावर सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव न्यायमूर्ती सय्यद महमूद होते. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांहून वेगळे मत नोंदविले. मोठ्याने की हळू याबाबत इमामांत मतभेद आहे, मशीद सर्व मुसलमानांची आहे, तेव्हा प्रामाणिकपणे मोठ्याने आमीन म्हणणे हा गुन्हा होऊ शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या दिवशी ते एकटे पडले. परंतु चार वर्षांनी, १८८९ साली, त्याच हायकोर्टाने दुसऱ्या खटल्यात याच दिशेने निर्णय दिला. वडिलांनी अलीगढला कॉलेज काढले ते साऱ्यांना माहीत असते, मुलाचे हे मत फारसे कुणाला माहीत नसते. त्याच अलीगढच्या विद्यापीठात सुन्नी आणि शिया धर्मशास्त्राचे दोन विभाग आज एकाच विद्याशाखेत नांदत आहेत.

पालकहो, हा लेख मागितला गेला तेव्हा एका तरुण शिक्षकाने मला विचारले, "सर, आज बाहेरचे जग आपणा सर्वांना एकाच मापाने मोजते. आपले आपसांतले भेद कशाला चव्हाट्यावर आणता?" प्रश्न योग्य होता. बाहेरचे लोक जेव्हा म्हणतात की तुम्ही आमच्यासारखेच बोला, आमच्यासारखेच जेवा, तेव्हा आपल्याला राग येतो. मी त्याला एवढेच विचारले की आपल्या वसतिगृहात यंदा किती मुले घरी मराठी बोलतात, किती उर्दू, किती कोकणी, आणि पहिल्या आठवड्यात कोण कुणाच्या बोलीला हसले? त्याने चौकशी करून सांगतो म्हटले आहे.

वसतिगृहातील तो मुलगा पुढे बोटीवर लागला असे मला कळले होते. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेट झाली. केस पिकले होते, बोलणे मात्र तसेच मोकळे. मुले शिकून नोकरीला लागली म्हणाला. मी धीर करून जुना विषय काढला. तो हसला. म्हणाला, "तू हसला नव्हतास, एवढे मला आठवते." मी हसलो नव्हतो हे खरे, पण मला सगळे माहीत होते, हे मी त्याला सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तेव्हा सांगितले असतेस तर मी दहावी तरी झालो असतो."

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. मांडवाशेजारच्या मोकळ्या जागेत सफा लागल्या. इमाम हनफी होते. तो माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला. फातिहा संपली आणि त्याने आपल्या जुन्या रीतीने, शेजारच्यांना ऐकू जाईल असे, आमीन म्हटले. मी मनात म्हटले.